पहिल्या सुखावाचून

गुजराती भाषेत एक जुनी लोकोक्ती आहे. तिच्यात माणसाच्या सुखांची क्रमवार मोजदाद केलेली आहे. पहिले सुख म्हणजे स्वतःची निरोगी काया, दुसरे घरात खेळणारी लेकरे, तिसरे कोठीत भरलेले धान्य, आणि चौथे सुलक्षणी गृहिणी. लेकरे, धान्य आणि संसार यांच्याही आधी जिला स्थान मिळाले, ती निरोगी काया ज्याच्या वाट्याला आली नाही, त्या माणसाने काय करावे? सुरत शहरात जन्मलेल्या एका कृश, अशक्त प्राध्यापकाने या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर शोधले होते. आपल्याजवळ जे नाही तेच त्याने लोकांसमोर मांडले, आणि पुढली चाळीस-पन्नास वर्षे साऱ्या गुजरातला पोट धरधरून हसवले. त्या माणसाचे नाव ज्योतींद्र हरिहरशंकर दवे.

आपल्या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. त्यात एका गुजराती लेखकाचे चरित्र कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, आपण मराठी माणसे सुरतेला ओळखतो ती बहुतेक शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्यांमुळे. त्यानंतरच्या सुरतेची आपल्याला फारशी ओळख नाही. दुसरे कारण थोडे खाजगी आहे. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात जे घडले त्यानंतर मला हा माणूस पुनःपुन्हा आठवू लागला. ती हकीकत ओघाने शेवटी येईल.

वडिलांच्या नोकरीमुळे माझी शाळेची काही वर्षे सुरतेत गेली. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती पुष्कळ. घरात मराठी आणि दारात गुजराती अशी आमची स्थिती होती. मी तेव्हा अगदी काडीपैलवान होतो. सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबायचा. मराठी मुले मला पाप्याचे पितर म्हणत, गुजराती मुले सुकलकडी म्हणत. दोन्ही भाषांतला अर्थ एकच. एके दिवशी गुजरातीच्या तासाला ‘मारी व्यायामसाधना’ नावाचा धडा निघाला. एक हाडकुळा माणूस शरीर कमावण्याचा निश्चय करतो आणि शरीर मात्र त्या निश्चयाला मुळीच दाद देत नाही, अशी ती कथा. गुरुजी वाचू लागले तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे वळून पाहू लागला. मी मान खाली घातली. पण दोन-तीन परिच्छेद झाले आणि माझ्याच तोंडून हसू फुटले. त्यानंतर वर्ग माझ्याकडे पाहून हसत नव्हता, माझ्याबरोबर हसत होता. या दोन हसण्यांत किती अंतर आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. धड्याखाली लेखकाचे नाव होते ज्योतींद्र दवे.

आता त्यांच्या गावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सुरतेवाचून हा लेखक समजत नाही. तापी नदीच्या काठचे हे एकेकाळचे मोठे बंदर. मक्केच्या यात्रेला जाणारी जहाजे येथून सुटत; इंग्रज, डच यांच्या वखारी येथे होत्या. पुढे मुंबई वाढली आणि सुरत खालावली. १८३७ साली मोठ्या आगीने निम्मे शहर होरपळले. तापीचे पूर तर पिढ्यान् पिढ्या येतच राहिले. वैभव गेले, पण सुरतकरांची खाण्याची आणि बोलण्याची हौस काही गेली नाही. जेवावे तर सुरतेला आणि मरावे तर काशीला, अशी म्हण साऱ्या गुजरातेत प्रसिद्ध आहे. चांदणी पडव्याला लोक घरी नावाची तुपाळ मिठाई घेऊन गच्चीवर किंवा नदीकाठी बसतात आणि थंडीत कोवळ्या ज्वारीचा पोंक खातात. सुरती माणसाची जीभ मोकळी. शिवीसुद्धा तो मायेने देतो. अशा खवय्यांच्या गावात नाजूक प्रकृतीचा माणूस जन्माला यावा, हा दैवानेच केलेला पहिला विनोद म्हटला पाहिजे.

या गावाला स्वतःविषयी मोकळेपणाने बोलण्याची परंपराही आहे. अर्वाचीन गुजरातीचा आद्य कवी नर्मद (१८३३-१८८६) हा सुरतेचा. त्याने १८६६ साली ‘मारी हकीकत’ या नावाने आत्मचरित्र लिहिले आणि त्यात स्वतःचे दोषही झाकले नाहीत. त्याचा समकालीन नवलराम पंड्या हाही सुरतेचा. त्याने १८६७ साली मोलियेर या फ्रेंच नाटककाराच्या प्रहसनावरून ‘भट्टनुं भोपाळुं’ हे नाटक रचले. म्हणजे आत्मकथन आणि विनोद हे दोन्ही झरे या मातीत आधीपासून वाहत होते. ते दोन्ही एका माणसाच्या ठिकाणी एकत्र येण्याला आणखी पाऊणशे वर्षे लागली.

ज्योतींद्रभाईंचा जन्म २१ ऑक्टोबर १९०१ रोजी सुरतेत झाला. गुजराती नाटककार चंद्रवदन मेहता यांचाही जन्म त्याच वर्षी त्याच शहरातला. आदल्याच वर्षी, १९०० साली, रमणभाई नीलकंठ यांची ‘भद्रंभद्र’ ही गुजरातीतील पहिली विनोदी कादंबरी पुस्तकरूपाने आली होती. बालपणापासून प्रकृती तोळामासा. पण अभ्यासात बुद्धी चांगली. १९१९ साली ते मॅट्रिक झाले, १९२३ साली बी. ए. आणि १९२५ साली एम. ए. संस्कृतची बैठक पक्की होती आणि ती पुढे त्यांच्या विनोदाला फार उपयोगी पडली. ज्याला शास्त्रार्थ ठाऊक असतो त्यालाच शास्त्रार्थाचे विडंबन साधते. ज्याने मूळ पढिक भाषाच वाचलेली नाही, तो पढिकपणाची थट्टा कशी करणार?

शिक्षण आटोपल्यावर ते मुंबईला आले. कन्हैयालाल मुन्शी त्या वेळी ‘गुजरात’ मासिक चालवीत होते आणि त्यांच्याभोवती तरुण लेखकांचा मेळावा जमला होता. ज्योतींद्रभाई त्यात सामील झाले. येथेच ‘गुप्त’ या टोपणनावाने त्यांनी एका नोंदवहीच्या रूपाने लेख लिहायला आरंभ केला. हेच लेखन पुढे १९३३ साली ‘मारी नोंधपोथी’ या नावाने पुस्तकरूपाने आले. या नावाची गंमत पाहण्यासारखी आहे. नर्मदने आपली हकीकत सांगितली ती झुंजार सुधारकाची. ज्योतींद्रभाईंनी आपली म्हणून जी वही उघडली, तिच्यातला ‘मी’ हा भित्रा, आळशी, विसराळू आणि वाऱ्याने उडून जाईल असा माणूस. नर्मदचा ‘मी’ वाचताना आपण त्याला नमस्कार करतो. या ‘मी’ला भेटताना आपल्याला आपलाच चेहरा दिसतो.

१९३३ साली ते सुरतेला परत आले आणि एम. टी. बी. कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापक झाले. सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय दक्षिण गुजरातच्या विद्येचे मोठे केंद्र. समीक्षक विष्णुप्रसाद त्रिवेदी तेथे शिकवीत असत. गंभीर समीक्षक आणि विनोदी लेखक एकाच स्टाफरूममध्ये बसत, ही कल्पनाही मोठी गमतीची आहे. याच काळात ‘अमे बधां’ ही कादंबरी लिहिली गेली. ती १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि तिला दोन लेखक होते, ज्योतींद्र दवे आणि धनसुखलाल मेहता. मराठीत बोलायचे तर ‘आम्ही सगळी’. विपिन नावाच्या सुरती मुलाच्या तोंडून त्याच्या जन्मापासून लग्नापर्यंतची हकीकत येथे येते. नातेवाईक, शेजारीपाजारी, शाळा, सणवार, लग्नकार्ये यांतून जुनी सुरत आपल्यासमोर उभी राहते. दोघा लेखकांनी मिळून एकच ‘मी’ लिहावा आणि कोणते वाक्य कोणाचे हे वाचकाला कळू नये, ही गोष्ट साहित्यात विरळाच. आपल्याकडे एका ‘मी’साठी दोघे भांडलेले आपण पाहिले आहेत, येथे दोघांनी तो वाटून घेतला.

प्राध्यापकी फार दिवस टिकली नाही. १९३७ साली त्यांनी मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीत नोकरी धरली आणि १९५६ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले. त्याच १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे पहिले मंत्रिमंडळ आले होते आणि मुन्शी गृहमंत्री झाले होते. ही कचेरी म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगायला हवे. देशी भाषांतली वृत्तपत्रे वाचायची, त्यांत सरकारविषयी काय लिहिले आहे त्याचे इंग्रजी सार काढायचे आणि सरकारी कागदांची भाषांतरे करायची, असे तिचे काम. तेव्हाच्या मुंबई प्रांतात बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हेही होते. म्हणून मराठी, गुजराती आणि कानडी या तिन्ही भाषांचे कागद त्या एकाच कचेरीत येत. म्हणजे ज्योतींद्रभाई आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. आपल्या आजोबांच्या काळची वृत्तपत्रे त्यांच्याच कचेरीच्या टेबलांवरून पुढे गेलेली आहेत.

एकोणीस वर्षे कारकुनी शिस्तीची भाषा आणि तीच एकोणीस वर्षे विनोदाची भाषा! दिवसा शब्दाला शब्द जुळवायचा आणि उरलेल्या वेळात शब्दांच्या खोड्या काढायच्या. ही ओढाताण सोपी नसावी. पण लोक ज्याच्या विनोदासाठी ताटकळत बसतात, त्याचा संसार विनोदावर चालत नाही, ही आपल्या भाषांतली जुनीच रीत आहे. ज्या काळात सारा गुजरात त्यांचे नाव घेत होता, त्या काळात त्यांची रोजची भाकरी सरकारी भाषांतरावर अवलंबून होती.

त्यांचे बरेचसे विनोदी लेख ‘रंगतरंग’ या नावाने १९३२ ते १९४६ या काळात सहा भागांत प्रसिद्ध झाले. पुढे ‘रेतीनी रोटली’ (१९५२), ‘नजर : लांबी अने टूंकी’ (१९५६), ‘त्रीजुं सुख’ (१९५७) ही पुस्तके आली. यांतील काही लेख गुजराती शाळकरी मुलांना आजही ठाऊक आहेत. ‘जीभ’ या लेखात बोलणे आणि चाखणे अशी दोन कामे करणाऱ्या त्या इवल्याशा अवयवाची सारी लीला येते. ‘खोटी बे आनी’ हा लेख, नावाप्रमाणेच, पदरी पडलेल्या दोन आण्यांच्या एका खोट्या नाण्याभोवती फिरतो. त्या काळी खोटे नाणे कसे खपवावे ही चिंता घरोघरची होती. ‘अशोक पारसी हतो’ हा लेख तर संशोधनाच्या नादी लागलेल्या आम्हा प्राध्यापकांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. सम्राट अशोक पारशी होता, हा सिद्धान्त तेथे अशा गंभीर चेहऱ्याने मांडला आहे की, पुरावे, तर्क आणि व्युत्पत्ती यांचा सगळा डामडौल असूनही माणूस किती सहज वेड्यासारखे बोलू शकतो ते दिसते. त्यात पारशी समाजाचा उपमर्द नाही आणि अशोकाचाही नाही. टोला बसतो तो विद्वत्तेच्या सोंगाला.

त्यांच्या विनोदाची रीत थोडक्यात सांगायची तर अशी. विषय क्षुल्लक घ्यायचा आणि त्याला शास्त्राची भरजरी वस्त्रे नेसवायची. किंवा विषय भारी घ्यायचा आणि त्याला घरगुती पंचा नेसवायचा. दोन्ही वेळी मधे उभा असतो तो ‘मी’. फजिती त्याची, भीती त्याची आणि आजारही त्याचाच. दुसऱ्याची टोपी उडवण्याआधी स्वतःची टोपी काढून हातात घेतलेली.

पण लेख हा त्यांच्या कीर्तीचा अर्धाच भाग. दुसरा अर्धा भाग व्यासपीठावरचा. गुजरातेत आणि मुंबईत ज्योतींद्रभाईंचे भाषण आहे असे कळले की लोकांची गर्दी उसळत असे. भारी देहाच्या वक्त्यांची सवय असलेल्या श्रोत्यांसमोर एक किडकिडीत माणूस उभा राही. आपले शरीर हे लोकांना पहिल्याच क्षणी दिसणार, हे त्याला ठाऊक असे. मग तो त्या शरीरापासूनच आरंभ करी. कुणाच्या मनात जे हसू दबलेले असेल, त्याला तो स्वतःच वाट करून देई. एकदा ते हसून झाले की लोक मोकळे होत आणि वक्त्याला हवे तिकडे जाण्याची मुभा मिळे.

आजच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. एक माणूस, एक माइक, पुढे बसलेले प्रेक्षक आणि हे सारे टिपणारा कॅमेरा असे कार्यक्रम आपण सगळेच मोबाइलवर पाहतो. जगभर या प्रकाराचा आदर्श म्हणून अमेरिकेतील रिचर्ड प्रायर यांचे नाव घेतात. त्यांचा रंगमंचावरचा संपूर्ण कार्यक्रम चित्रित होऊन १९७९ साली चित्रपटगृहांत झळकला. त्यात त्यांनी लहानपणी खाल्लेला मार आणि स्वतःला आलेला हृदयविकाराचा झटका यांवर लोकांना हसवले होते. प्रायर यांचे अनुभव फार दाहक आणि भाषा फार उघडी. ज्योतींद्रभाई मध्यमवर्गीय, सौम्य आणि संस्कृताळलेले. दोघांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण मुळात कृती एकच. जे शरीर आपल्याला दगा देते, त्यालाच घेऊन लोकांसमोर उभे राहायचे. सुरतेच्या प्राध्यापकापुढे कॅमेरा नव्हता, एवढाच काय तो फरक म्हणावा लागेल.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या व्यंगाला, आजाराला हसणे म्हणजे स्वतःचा अपमान नव्हे काय? सबळांनी दुबळ्यांना हसावे ही जगाची रीतच आहे. मग दुबळ्यानेही त्यांच्यात सामील होऊन स्वतःला हसावे, हा कसला पराक्रम? संस्कृत नाटकातला विदूषक हेच करतो. तो कुरूप, तो खादाड, तो भित्रा; राजाला हसवण्यासाठी तो आपल्या पोटाचीही थट्टा करतो. पण विदूषक राजाच्या पदरी असतो. त्याचे हसणे मालकाच्या सुखासाठी असते. ज्योतींद्रभाईंचा ‘मी’ कोणाच्या पदरी नाही. तो स्वतःच्या भित्रेपणाविषयी बोलू लागतो तेव्हा समोरच्या तगड्या माणसालाही आठवते की, रात्री अंधारात आपणही दचकलो होतो. त्याच्या आजाराला हसता हसता श्रोता आपल्याच औषधाच्या बाटल्या मोजू लागतो. म्हणजे दुबळेपणा ही एकट्याची लाज उरत नाही. ती सगळ्यांची सामायिक मालमत्ता होते. हा अपमान नव्हे. ज्या गोष्टीने लोक आपल्याला मारू शकले असते, ती गोष्ट त्यांच्या हातून काढून घेणे आहे.

तरीही या सौद्याची दुसरी बाजू नाकारता येत नाही. हसवणाऱ्या माणसाला आजारी पडण्याचा हक्क कोणी ठेवत नाही. त्याने कण्हले तरी लोकांना त्यात विनोद दिसतो. ज्योतींद्रभाईंनी मोलियेरच्या कंजूषावरच्या नाटकाचे ‘वड अने टेटा’ (१९५४) हे गुजराती रूपांतर केले आणि नवलरामांनी सुरतेत आणलेल्या त्या फ्रेंच पाहुण्याचे पुन्हा एकदा स्वागत केले. त्या मोलियेरचा शेवट आठवावा. १६७३ सालच्या फेब्रुवारीत तो आपल्याच नाटकात, आजाराचे खूळ डोक्यात घेतलेल्या माणसाची भूमिका करीत होता. प्रत्यक्षात तो खरोखरच आजारी होता. प्रयोग त्याने कसाबसा पुरा केला आणि काही तासांतच त्याचा अंत झाला. प्रेक्षक हसत होते ते नाटकातल्या खोट्या खोकल्याला. खरा खोकला कोणता आणि खोटा कोणता, हे त्यांना कसे कळावे? जो आपले दुःख हसण्यातून देतो, त्याच्या दुःखाची चौकशी करायला लोक विसरतात. ज्योतींद्रभाईंची पुस्तके वाचताना मी आता अधूनमधून थांबतो तो याच विचाराने.

विनोदाला दुय्यम मानण्याची खोड गुजरातीत होती तशी मराठीतही आहे. परंतु ज्योतींद्रभाईंच्या बाबतीत गुजरातने पुढे कद्रूपणा केला नाही. गुजराती साहित्यातला मानाचा रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना मिळाला आणि १९६६ साली त्यांनी गुजराती साहित्य परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. मुन्शी, उमाशंकर जोशी यांच्यासारखे साहित्यिक ज्या परिषदेचे अध्यक्ष झाले, तिच्या अध्यक्षपदी निव्वळ विनोदी लेखक बसणे ही लहान गोष्ट नव्हे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावरही त्यांनी शिकवणे सोडले नाही. मुंबईच्या महाविद्यालयांत शिकवले आणि कच्छमधील मांडवीच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. आयुष्यभर दुबळ्या म्हटलेल्या देहाने एवढा प्रवास केला!

आपल्या शेजारच्या मंडळींशी त्यांचे नाते जुळवून पाहिले तर मौज वाटते. सुरतेहून रेल्वेने सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरवर बडोदे. तेथे बडोदा कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते चिं. वि. जोशी (१८९२-१९६३), आपल्या चिमणराव-गुंड्याभाऊंचे जनक. एकीकडे मराठी विनोदी लेखक गुजरातेत पाली शिकवतो आहे आणि दुसरीकडे गुजराती विनोदी लेखक मुंबईच्या कचेरीत भाषांतरे करतो आहे. दोघांचाही नायक साधा, भाबडा आणि फजितीला न कंटाळणारा. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना येथे डॉ. एम. शिवराम ऊर्फ ‘राशी’ आणि त्यांचे १९४२ साली सुरू झालेले ‘कोरवंजी’ मासिक आठवेल. ‘बीची’ तर आठवतीलच. बीचींनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ‘नन्न भयाग्राफी’. चरित्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दात त्यांनी भय मिसळून टाकले. स्वतःच्या भीतीला नाव देऊन तिलाच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बसवणारे हे दोघे, एक सुरतेचा आणि एक कर्नाटकातला, एकाच जातकुळीचे. योगायोग असा की, बीची गेले ते १९८० साली. ज्योतींद्रभाईंनीही त्याच वर्षी, ११ सप्टेंबर १९८० रोजी, मुंबईत जगाचा निरोप घेतला. लहानपणापासून ज्या देहाचा कोणी भरवसा धरला नव्हता, त्याने एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत साथ दिली. पहिले सुख नसलेल्या माणसाने पहिल्या सुखाच्या पुष्कळ धन्यांना मागे टाकले.

त्यांच्यामागे गुजराती विनोद थांबला नाही. विनोद भट्ट यांनी लेख लिहिले; तारक मेहता यांनी १९७१ पासून ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात जे सदर चालवले, त्याच्यावरून २००८ साली सुरू झालेली दूरदर्शन-मालिका आपल्या घराघरांत पोहोचली; शाहबुद्दीन राठोड यांनी व्यासपीठावरून हजारोंना हसवले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. गुजराती साहित्य परिषद विनोदी पुस्तकाला ज्योतींद्र दवे यांच्या नावाने पारितोषिक देते.

आता ती स्नेहसंमेलनाची हकीकत. फिशपॉण्ड हा आपल्या महाविद्यालयीन जीवनातला लोकप्रिय कार्यक्रम. मडक्यातून चिठ्ठी काढायची, कोणाचे तरी नाव वाचायचे आणि त्याच्यावर रचलेली दोन ओळींची कोटी सभागृहाला ऐकवायची. गेल्या वर्षी मी ज्या कार्यक्रमाला हजर होतो, तेथे एका विद्यार्थ्याच्या अडखळत बोलण्यावर चिठ्ठी निघाली. वाचणाऱ्याने ती त्याच्याच ढंगात अडखळत वाचली. सभागृह हसले. पहिल्या रांगेत बसलेलो मीही हसलो. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण ते खरे आहे. दुसऱ्या दिवशी तो मुलगा नाटकाच्या प्रयोगाला आला नाही. पडद्यामागची सगळी जबाबदारी त्याच्यावर होती. त्याच्या मित्राने त्याला घरून आणले तेव्हा कुठे पडदा वर गेला. मी त्याला काही बोललो नाही. काय बोलावे हे मला सुचले नाही.

घरी येऊन मी ‘मारी व्यायामसाधना’ पुन्हा वाचले. सुरतेच्या त्या वर्गात माझ्याकडे वळलेल्या माना मला आठवल्या. त्या दिवशी मी वाचलो, कारण कुणीतरी अनेक वर्षांपूर्वी स्वतःच्या नावाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने मडक्यात टाकून ठेवली होती. आम्ही मात्र दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाकली आणि तिला विनोद म्हटले. विनोदावर बंदी घालावी, फिशपॉण्ड बंद करावा, असे मी म्हणणार नाही. न हसणारे महाविद्यालय हे तुरुंगासारखेच होईल. एवढेच म्हणेन की, यंदा पहिली चिठ्ठी ज्याने त्याने स्वतःच्या नावाची लिहावी. प्राध्यापकांनीही लिहावी. माझी मी लिहून ठेवली आहे. तिच्यात माझ्या सुकलकडी देहाचा उल्लेख आहे, आणि पहिल्या रांगेत बसून चुकीच्या वेळी हसलेल्या एका माणसाचाही.